घोड्याचे ‘दुखणे’ आणि ‘विसावा’ : सांध्यातील इंजेक्शनानंतरच्या संगोपनाचा एक अर्थविचार

एका शब्दाचे दोन अर्थ असले तर वाक्यातील संदर्भाने त्यांपैकी योग्य तो निवडला जातो, असे आपण वर्गात नेहमी सांगतो. हे विधान बहुधा खरे असते. तथापि संदर्भ अपुरा पडला आणि ऐकणाऱ्याने दुसराच अर्थ घेतला, तर होणारी हानी कागदावरच राहते असे मात्र नाही. प्रस्तुत लेखात ज्या उदाहरणाचा विचार करावयाचा आहे, त्यात ती एका घोडीच्या मागच्या पायापर्यंत पोहोचली. उदाहरण म्हसवडचे आहे. जनावरांविषयीच्या बोलींतील शब्दांचा संग्रह करण्यासाठी प्रस्तुत लेखकाचे त्या भागात जाणे-येणे असते, आणि पशुवैद्यकाचा अधिकार आपल्याला नाही याची त्यास पूर्ण जाणीव आहे. म्हणून पुढील विवेचनात औषधोपचाराविषयी जे येईल, ते सर्वमान्य माहितीपुरते मर्यादित समजावे.

म्हसवड हे सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील, माणगंगेच्या काठचे गाव. सिद्धनाथाचे देवस्थान, मार्गशीर्षातील रथयात्रा आणि माने घराणे यांमुळे ते सर्वांस परिचित आहे. संताजी घोरपडे यांचा १६९७ साली घात करणारा नागोजी माने हा म्हसवडचाच. या मुलखाचा घोड्याशी असलेला संबंधही जुना आहे. साताऱ्यास इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात गंगथडी, भीमथडी, नीरथडी आणि माणदेश या चार प्रदेशांतील घोड्यांची वाखाणणी केली असून, त्यांतही शेवटच्या दोहोंतील घोडी अंगाने लहान पण दख्खनमध्ये सर्वांत काटक, असा अभिप्राय दिला आहे. आज माणदेशात घोडे थोडे उरले. मेंढरांमागे संसार वाहून नेणारी धनगरांची तट्टे, यात्रेत आणि वरातीत नाचणारी जनावरे, छकड्याला जुंपून पळवायची काही, आणि निव्वळ हौसेने पाळलेली एखाददुसरी घोडी; खरेदी-विक्रीला अकलूजचा घोडेबाजार जवळ. परंतु घोड्याविषयी बोलण्याची सवय या भागातून गेलेली नाही, आणि भाषाभ्यासकाला तेवढे पुरते.

गेल्या काही वर्षांत अशा घोड्यांनाही सांध्यात इंजेक्शन देण्याचा उपचार खेड्यापर्यंत पोहोचू लागला आहे. पूर्वी तो पुण्या-मुंबईच्या शर्यतींच्या तबेल्यांपुरता होता. ज्या गृहस्थांची घोडी होती, त्यांचे वय सत्तरीच्या पुढे. घोडी मागच्या उजव्या पायाने लंगडत होती. पशुवैद्यांनी तपासून सांध्यात इंजेक्शन दिले, इंग्रजीत छापलेला सूचनांचा एक कागद हाती ठेवला आणि तोंडाने सांगितले, ‘आजोबा, दुखणं थांबेल. दोन दिवस विसावा द्या, मग हळूहळू कामाला लावा.’ वाक्य निर्दोष आहे. संध्याकाळी आजोबांनी घोडी माळावर मोकळी सोडली. ती बरेच दिवस बांधलेली असल्याने मनसोक्त उधळली आणि धुळीत लोळली. दुसऱ्या दिवशी सांधा फुगला व तापला. आजोबांचे निदान एका शब्दाचे होते : ‘इंजेक्शन उलटलं.’ त्यांनी हळदीचा गरम लेप लावला आणि वाट पाहिली. पशुवैद्यांना निरोप गेला तो तिसऱ्या दिवशी दुपारी.

मी त्यांना विचारले की विसावा द्यायचा होता ना? ते म्हणाले, ‘त्योच तर दिला की मास्तर. दावणीला बांधून घातल्यावर कसला आलाय विसावा? माळाला सोडली, जरा पाय मोकळं होतील म्हनलं.’

या उत्तरात अडाणीपणा पाहणे सोपे आहे, पण ते चुकीचे ठरेल. काम करणाऱ्या जनावराच्या बाबतीत ‘विसावा’ म्हणजे जुवातून, ओझ्यातून, दाव्यातून सुटका. बैल सोडला की तो विसावतो. बांधला की कामाला उभा असतो. शब्दाचा इतिहासही याच्या आड येत नाही. संस्कृत ‘विश्राम’पासून प्राकृतातून ‘विसावा’ आला. स्वरांमधल्या म-काराचा व-कार होण्याची ही प्रक्रिया ग्राम-गाव, नाम-नाव या जोड्यांवरून सर्वांस ठाऊक आहे, आणि झ्यूल ब्लॉक यांच्या मराठीवरील ग्रंथापासून (१९२०) ती आपल्या अभ्यासक्रमाचा भाग आहे. ‘वि’ उपसर्ग लागून ‘श्रम्’ या धातूला श्रम थांबण्याचा अर्थ येतो. कोणाचे श्रम, तर ज्याने ते केले त्याचे. म्हणजे साऱ्या जनावराचे. पशुवैद्याला अभिप्रेत असलेला विसावा मात्र एका सांध्याचा होता, आणि सांध्याला विसावा द्यायचा तर जनावराला बांधावे लागते. एकाच शब्दात कर्ता बदलला, आणि तो बदल वाक्यात कोठेही उच्चारलेला नव्हता.

सांध्याची रचना येथे थोडक्यात पाहिली पाहिजे. त्याआधी नावांचा घोटाळा. घोड्याच्या पुढच्या पायात ज्याला आपण गुडघा म्हणतो, ते शरीररचनेच्या दृष्टीने मनगट आहे. मागच्या पायात मध्यभागी मागे कोन करून उभा असलेला सांधा, ज्याला इंग्रजीत हॉक म्हणतात, तो माणसाचा घोटा. खरा गुडघा त्याच्याही वर, पोटाच्या कडेला लपलेला असतो. आजोबांच्या घोडीचे इंजेक्शन हॉकमध्ये होते. हा एक सांधा नसून चार सांध्यांची चळत आहे. वरचा सांधा पुष्कळ हलतो. खालचे दोन जवळजवळ हलतच नाहीत, केवळ धक्का झेलतात, आणि कामाच्या घोड्यात झिजतात ते बहुधा हेच दोन. त्या झिजेतून हाड वाढून होणाऱ्या रोगाला हिंदुस्थानी अश्ववैद्य ‘हड्डा’ म्हणत. ‘मोतडा’, ‘चकावल’, ‘बेरहड्डी’ हे त्यांच्याच परिभाषेतील पायांच्या निरनिराळ्या विकारांचे शब्द. शालिहोत्र या ऋषीच्या नावावरून अश्ववैद्यकाला शालिहोत्र, आणि त्यावरून अश्ववैद्याला सालोत्री. इंग्रजी फौजेने हाच शब्द आपल्या कागदपत्रांत घेतला. जयदत्ताचे ‘अश्ववैद्यक’, नकुलाच्या नावावरचे ग्रंथ, कौटिल्याचे अश्वाध्यक्षावरील प्रकरण एवढी परंपरा पाठीशी असताना, घोड्याच्या हॉकला आज सर्वांना कळेल असा मराठी शब्द मिळू नये, ही गोष्ट खेदाची आहे.

सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. सभोवती पिशवी, तिला आतून नाजूक अस्तर, आणि ते अस्तर पाझरवीत असलेला चिकट द्रव. या द्रवाला चिकटपणा येतो तो हायल्युरॉनिक आम्लामुळे. कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ साली ते प्रथम वेगळे केले, तेही सांध्यातून नव्हे तर गाईच्या डोळ्यातील काचेसारख्या द्रवातून. म्हणून काच या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव मिळाले. सांध्यावर वारंवार ताण आला की अस्तराला दाह होतो, द्रव पातळ होतो, आणि दाहात सुटणारी द्रव्ये कूर्चेला खाऊ लागतात. कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू नाहीत. तिची झीज भरून येणे फार कठीण, आणि ती झिजत असताना तिला स्वतःला दुखतही नाही. दुखते ते अस्तर, पिशवी आणि खालचे हाड.

अशा सांध्यात जे इंजेक्शन देतात, त्यात बहुधा कॉर्टिकोस्टेरॉइड वर्गातील औषध असते, कधी त्याच्या जोडीला हायल्युरॉनिक आम्ल. कॉर्टिसोनच्या शोधाबद्दल हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. लगेच १९५१ मध्ये हॉलंडर यांनी माणसाच्या सांध्यात हायड्रोकॉर्टिसोन दिल्याचे प्रसिद्ध केले, आणि १९५५ मध्ये व्हीट यांनी मोठ्या जनावरांवरील असा उपयोग नोंदविला. औषध दाह शमवते आणि दाह शमला की वेदना थांबते. मात्र या वर्गातील सर्व औषधे सारखी नाहीत. मिथाइलप्रेड्निसोलोन कूर्चेला अपाय करते असे घोड्यांवरील प्रयोगांत आढळल्याने पुष्कळ वैद्य ते जास्त हलणाऱ्या सांध्यात टाळतात. ट्रायअ‍ॅम्सिनोलोनचा परिणाम त्या मानाने कूर्चेला अनुकूल असल्याचे कोलोरॅडो येथील फ्रिस्बी आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखविले. कोणत्या सांध्यात काय द्यावे हा निर्णय सर्वस्वी पशुवैद्याचा. आपल्याला प्रस्तुत आहे ते एवढेच की या इंजेक्शनाने झिजलेली कूर्चा पुन्हा येत नाही.

आता ‘दुखणे’ या शब्दाकडे वळू. संस्कृत ‘दुःख’पासून आलेल्या या शब्दाने मराठीत दोन कामे पत्करली आहेत. क्रियापद म्हणून तो वेदना सांगतो : पाय दुखतो. नाम म्हणून तो वेदनाही सांगतो आणि रोगही. ‘दुखणे आले’, ‘दुखण्यातून उठला’, ‘दुखणेकरी’, ‘दुखणाईत’ या सर्व प्रयोगांत रोग अभिप्रेत आहे. वेदना असेल किंवा नसेल. ‘दुखणे अंगावर काढणे’ या अप्रतिम वाक्प्रचारात तर वेदना सोसून रोगाकडे दुर्लक्ष करणे, असे दोन्ही अर्थ एकाच वेळी काम करतात. सामान्य व्यवहारात हे द्वैत बाधत नाही, कारण बहुतेक रोगांत वेदना आणि रोग बरोबर येतात आणि बरोबर जातात. सांध्यातील इंजेक्शन ही त्या दोहोंची फारकत करणारी क्रिया आहे. ‘दुखणं थांबेल’ असे जेव्हा पशुवैद्य म्हणाले, तेव्हा ते क्रियापदाच्या अर्थाने बोलत होते. आजोबांनी ते नामाच्या अर्थाने ऐकले. रोग गेला तर मग जनावर बांधून ठेवायचे कशाला, हा त्यांचा तर्क त्यानंतर अगदी बिनचूक होता.

माणसाच्या बाबतीत ही चूक काही अंशी आपोआप सुधारते, कारण त्याला सांगता येते की मला बरे वाटते पण भीती वाटते. घोड्याला वेदनेवाचून दुसरी भाषा नाही. लंगडणे हे त्याचे एकमेव विधान आहे, आणि इंजेक्शनाने आपण नेमके तेच थांबवितो. ते थांबल्यावर जनावर दुखऱ्या पायावर पूर्ण भार टाकू लागते, मालकाला ते धडधाकट दिसते, आणि दाह पूर्ण शमण्यापूर्वीच सांधा पुन्हा धक्के खाऊ लागतो. म्हणून या उपचारात लंगडणे थांबल्यानंतरचे दिवस हे लंगडण्याच्या दिवसांपेक्षा जास्त जपण्याचे असतात. हे समजावयास मराठी माणसाला काहीच अडचण नाही. फक्त ‘दुखणं थांबेल’ या वाक्यातून ते समजणार नाही. ‘ठणका बसेल, पण सांधा अजून कच्चा आहे’ असे म्हटले तर समजते. ‘कच्चा’ हे विशेषण मी आजोबांच्याच तोंडून घेतले. नव्या बांधलेल्या भिंतीविषयी ते बोलत होते.

घोटाळ्यात भर घालणारा आणखी एक शब्द आहे, ‘वंगण’. माणसाच्या गुडघ्याविषयीही ‘वंगण संपलं’, ‘वंगणाचं इंजेक्शन’ असे आपण सर्रास बोलतो, वैद्यही बोलतात. मुळाशी माखणे या अर्थाचा ‘अञ्ज्’ धातू असावा, ज्यातून अभ्यंग आणि अंजन हे शब्द आले. हिंदीत गाडीच्या आसाला तेल देण्याला ‘औंगना’ म्हणतात तोही याच कुळातला दिसतो. हे रूपक आजचे मुळीच नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात चौथ्या अध्यायात सांध्यांतील श्लेष्म्याचे वर्णन करताना तेल दिलेल्या आसावर चाक जसे नीट फिरते, तोच दृष्टान्त दिला आहे. गाड्याला वंगणाचा नळा लटकवून प्रवासाला निघणाऱ्या समाजाला यापेक्षा सुबोध दृष्टान्त सापडणे कठीण.

रूपक अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे रूपक पूर्ण खोट्यापेक्षा जास्त दिवस टिकते. सांध्यातील द्रव वंगणाचे काम करतो, यात शंका नाही. परंतु बाहेरून घातलेले हायल्युरॉनिक आम्ल थोड्याच दिवसांत सांध्यातून निघून जाते, आणि त्याचा उपयोग मात्र त्यानंतरही टिकतो. म्हणजे ते तेलासारखे तेथे साठून राहत नाही. अस्तराला शांत करून त्याच्याकडून चांगला द्रव तयार करवून घेते, असेच मानावे लागते. यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे, वंगण घालतात ते निघण्यासाठी. वंगण घातले की बैल जुंपायचे, हा क्रम त्या शब्दातच बसलेला आहे. वंगण घालून गाडी दोन दिवस दारात उभी ठेवा, असे सांगणाऱ्याला कोण शहाणा म्हणेल? माझ्या मते जनावरांच्या उपचारात हा शब्द टाळावा. तुलनाच हवी असेल तर ‘विरजण’ जवळची आहे. विरजण थोडे असते, त्याचे काम दुधातच व्हावयाचे असते, आणि ते होईपर्यंत भांडे हलवायचे नसते, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे.

तेव्हा भांडे किती वेळ हलवायचे नाही? सांधा, औषध आणि रोगाची अवस्था यांप्रमाणे वैद्यावैद्यांत फरक पडतो, तरी सर्वसाधारण रीत अशी. इंजेक्शनाचा दिवस आणि त्यानंतरचा एक दिवस घोडा थानावर, म्हणजे त्याच्या ठरलेल्या जागी, स्वच्छ व कोरड्या बिछायतीवर ठेवायचा. पट्टी बांधली असेल तर सांगितलेल्या वेळेपर्यंत सोडायची नाही. पाय धुवायचा नाही, नदीत किंवा तळ्यात न्यायचे नाही, सुईच्या जागी तेल, लेप, हळद काही लावायचे नाही. सुई सांध्याच्या बंद पिशवीतून गेलेली असते, आणि ते छिद्र लहान असले तरी मार्गच आहे. त्यानंतर दोन-तीन दिवस हातात दोरी धरून सपाट जमिनीवर दहा-पंधरा मिनिटे पाऊलचालीने फिरवायचे, वळणे मोठी घ्यायची, खडकाळ उतार टाळायचे. माणदेशात ही शेवटची अट पाळणे सोपे नाही. पण गावातली डांबरी सडक त्यापेक्षा टणक, म्हणून नदीकाठची मऊ वाट बरी. मोकळे सोडणे या साऱ्या दिवसांत वर्ज्य. बांधलेला घोडा सुटला की पहिली गोष्ट उधळण्याची करतो, हे आजोबांना माझ्यापेक्षा चांगले माहीत होते. त्यांना ते आठवले नाही एवढेच, कारण ‘विसावा’ या शब्दाने ते आठवू दिले नाही.

‘उलटलं’ या शब्दाची किंमत याहून जास्त पडू शकली असती. इंजेक्शनानंतर सांधा फुगणे दोन निराळ्या कारणांनी होते. एकात औषधाच्याच चिथावणीने अस्तराला तात्पुरता दाह होतो. तो बहुधा पहिल्या दिवसातच दिसतो आणि एक-दोन दिवसांत ओसरतो. दुसऱ्यात सांध्यात जंतू शिरलेले असतात. हे क्वचित घडते, पण घडले तर काही तासांचा विलंबही महाग. जंतू कूर्चेचा झपाट्याने नाश करतात, सांधा धुवून काढावा लागतो, प्रतिजैविके सुरू करावी लागतात, आणि उशीर झाल्यास घोडा कायमचा निकामी होतो किंवा हाती लागत नाही. त्यातही स्टेरॉइडमुळे जंतुसंसर्गाची लक्षणे काही दिवस झाकली जातात, त्यामुळे आठवड्याने किंवा त्याहूनही उशिरा आलेली सूज दुर्लक्षिण्याजोगी नसते. पायावर भार न टाकणे, सांधा हाताला कढत लागणे, हात लावू न देणे, अंगात ताप भरणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच वेळी वैद्याला बोलवायचे. धडधाकट प्रौढ घोड्याचे तापमान सुमारे ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. थर्मामीटर घरात असणे चांगले. दोन्ही प्रकारांना बोलीत ‘उलटणे’ हा एकच शब्द आहे, आणि त्या शब्दाचा भाव असा की जे व्हायचे ते झाले, आता ओसरेपर्यंत थांबा. आजोबा थांबले ते यामुळे. पशुवैद्यांनी सांध्यातून द्रव काढून तपासला तेव्हा जंतू नव्हते. निव्वळ नशीब म्हणायचे. घोडीचे पहिल्या दिवसापासूनचे दिवस पुन्हा मोजावे लागले, एवढ्यावर निभावले.

चाऱ्याविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण या बाबतीत जुन्या पागांचे शहाणपण अजून उपयोगी आहे. घोड्याच्या धान्याच्या खुराकाला ‘चंदी’ म्हणतात. ती बहुधा हरभऱ्याची. दख्खनमध्ये हुलग्याचीही, आणि हुलग्याचे इंग्रजी नाव ‘घोड्याचा हरभरा’ असे पडले ते यामुळेच. काम बंद असताना चंदी पूर्ववत चालू ठेवली तर पुन्हा कामाला लावताच घोड्याचे स्नायू आखडून तो जागीच थिजतो, हा अनुभव सर्व फौजांच्या मोतद्दारांना होता; युरोपात त्या रोगाला ‘सोमवार सकाळचे दुखणे’ असेच नाव पडले होते, कारण रविवारी काम नसे आणि तोबरा मात्र भरलेला असे. स्टेरॉइड दिल्यानंतर याला आणखी एक कारण मिळते. अंगाने सुटलेल्या किंवा वयस्क घोड्यांत या औषधाने खुरांच्या आतील थराला दाह होण्याचा धोका सांगितला जातो. खूर गरम लागणे, घोड्याने पुढचे पाय पुढे टाकून टाचांवर रेलून उभे राहणे ही त्याची खूण. म्हणून विसाव्याच्या दिवसांत चंदी कमी, वाळली वैरण भरपूर, पाणी सदैव पुढे. लाड म्हणून गुळाचा खडा देण्याची पद्धत आहे, ती त्या आठवड्यापुरती बंद.

कामावर परत आणण्याच्या बाबतीत मात्र मराठी पशुवैद्याच्या इंग्रजी कागदापेक्षा समृद्ध आहे, असे मला वाटते. अमरकोशाने घोड्याच्या पाच गती सांगितल्या आहेत : आस्कन्दित, धौरितक, रेचित, वल्गित आणि प्लुत. मराठीने त्या जशाच्या तशा घेतल्या नाहीत, पण पाऊलचाल, कदम, गाम, दुडकी, दौड, भरधाव, चौखूर अशी स्वतःची मालिका तयार केली. मोल्सवर्थच्या कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत (१८५७) अश्वविद्येचे जे शब्दभांडार जपले गेले आहे ते चाळले, तर एका लढवय्या समाजाने घोड्याची चाल किती बारकाईने ऐकली होती याची कल्पना येते. ‘हळूहळू कामाला लावा’ यातील ‘हळूहळू’ हे क्रियाविशेषण काहीच सांगत नाही. ते आठवड्यांचेही असू शकते आणि पावलांचेही. या मालिकेतील शब्द वापरले तर तीच सूचना मोजता येते. पहिला आठवडा पाऊलचाल, प्रथम दोरीवर, मग खोगीर घालून. वैद्याने होकार दिल्यावर दुसऱ्या आठवड्यात दुडकी, तीही सरळ रेषेत आणि थोडा वेळ. दौड त्यानंतर. घोडा महिनोन्महिने लंगडत असेल, तर स्नायू खालावलेले असतात, म्हणून प्रत्येक पायरीला याहूनही जास्त दिवस द्यावे लागतात.

दुडकीला येथे विशेष महत्त्व आहे. तिच्यात समोरासमोरील कोपऱ्यांचे दोन-दोन पाय एकदम पडतात आणि चाल दोन समान ठेक्यांची होते. त्यामुळे किंचितही लंगडणे असेल तर ठेका तुटतो, आणि ते कानाला आधी कळते. पुढच्या पायाने लंगडणारा घोडा दुखरा पाय टेकताना मान वर उचलतो व चांगला पाय टेकताना खाली टाकतो. मागच्या पायाचे लंगडणे पाहायचे तर मागून उभे राहून पुठ्ठ्यांची उंची पाहावी लागते, दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा जास्त हलतो. म्हणून कामाची प्रत्येक पायरी वाढविण्यापूर्वी टणक जमिनीवर पंचवीस-तीस पावले दुडकीने पळवून पाहायचे. पूर्वीचा शिलेदार हे रोज करी. घोडा त्याच्या मालकीचा असे, तो गेला तर त्याचा चरितार्थ गेला. बारगिराचा घोडा सरकारी. त्याची सावधगिरी वेगळ्या जातीची असणे स्वाभाविक होते.

हा फरक आजही संपलेला नाही. शर्यतीच्या जगात घोडा एकाचा, स्वार दुसरा आणि बक्षिसाचा हिशोब तिसऱ्याचा असतो, आणि शर्यतीच्या तोंडावर सांध्यात सुई देऊन जनावर पळवण्याचा मोह तेथे प्रबळ असतो. अमेरिकेत २०२० च्या कायद्याने स्थापन झालेल्या प्राधिकरणाने सांध्यातील इंजेक्शनानंतर चौदा दिवस शर्यत आणि सात दिवस वेळ लावून पळवण्याचा सराव निषिद्ध ठरविला आहे, तो या मोहासाठीच. आपल्याकडे प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाने रोगामुळे किंवा दुबळेपणामुळे अपात्र असलेल्या जनावराकडून काम करून घेणे हा अपराध मानला आहे. परंतु कायद्यातील ‘अपात्र’ हा शब्द लंगडणाऱ्या घोड्याला सहज लागू पडतो. इंजेक्शनाने लंगडणे थांबलेल्या घोड्याला तो लावायचा की नाही, हा अर्थविचाराचाच प्रश्न आहे, आणि वर ‘दुखणे’ या शब्दाविषयी जे म्हटले तेच तेथे पुन्हा उभे राहते.

घोडी बरी होऊ लागल्यावर आजोबांच्या सांगण्यावरून मी पशुवैद्यांच्या संमतीने मराठीत एक अर्ध्या पानाचा कागद तयार केला. त्यात ‘विश्रांती’, ‘विसावा’, ‘आराम’ हे तिन्ही शब्द मुद्दाम टाळले. पहिले वाक्य असे : ‘ठणका बसला तरी सांधा कच्चा आहे, दोन दिवस थानावर बांधून ठेवा, सोडू नका.’ सुजेसाठी ‘उलटणे’ न वापरता ‘सांधा कढत लागला किंवा पाय टेकेना झाला तर त्याच तासाला फोन करा’ असे लिहिले. पशुवैद्यांना ‘कच्चा’ हा शब्द अशास्त्रीय वाटला. त्यांनी ‘अद्याप पूर्ववत झालेला नाही’ असे सुचविले. आजोबांना दोन्ही वाचून दाखविले. दुसरे वाक्य ऐकून त्यांनी ‘म्हंजी?’ असे विचारले, तेव्हा ‘कच्चा’ राहिला.

हॉकसाठी शब्द मात्र अजून मिळालेला नाही. कागदावर तेथे घोड्याच्या मागच्या पायाचे एक साधे रेखाचित्र असून सांध्याभोवती गोल काढला आहे. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्था आणि विद्यापीठांचे मराठी विभाग यांनी एकत्र बसून जनावरांच्या अवयवांचे बोलीतील शब्द जमवावेत, अशी सूचना येथे नोंदवून ठेवतो. माणदेशातील धनगरांपासून आरंभ केल्यास पुष्कळ हाती लागेल. एकविसाव्या दिवशी घोडी माणगंगेच्या काठाने दुडकीने नेली, तेव्हा आजोबा तिच्या पायांकडे पाहत नव्हते. पाठ फिरवून, डोळे मिटून ते टापांचा ठेका ऐकत होते, आणि काही वेळाने त्यांनी ती थांबवायला सांगितली.